गेलेला बल्ब शाळेत नको, त्याची नोंद आणा



दिवाळीची सुट्टी जवळ आली की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. घरोघरी जळमटं काढायला सुरुवात होते आणि शाळाशाळांतून 'टाकाऊपासून टिकाऊ' प्रकल्प दिला जातो. मग माळ्यावरच्या, कपाटामागच्या गेलेल्या ट्यूबा आणि उडालेले बल्ब बाहेर निघतात आणि त्यातले काही दप्तरात बसून थेट वर्गात येतात. बल्बला रंग देऊन केलेला पेंग्विन, बल्बची फुलदाणी, सीएफएलच्या वेटोळ्यांचं झुंबर. प्रदर्शनात हे छान दिसतं, फोटो निघतात, पालकांच्या ग्रुपवर जातात. अलीकडे त्यात 'ई-कचरा संकलन दिन' हा आणखी एक प्रकार आलाय. 'उद्या येताना घरातला खराब झालेला एक बल्ब आणावा' अशी सूचना वहीत लिहून दिली जाते.

यामागचा हेतू चांगला असतो. तरीही माझं मत स्पष्ट आहे. गेलेले बल्ब मुलांच्या हातून शाळेत मागवू नयेत. मागवायचीच असेल तर त्यांची नोंद मागवावी. बल्ब काढणं, गुंडाळणं, नेऊन देणं हे मोठ्यांचं काम. तो कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणं, घरात किती आहेत ते मोजणं, गेल्यावर तो कुठे जातो हे विचारणं, हे मुलांचं काम. ही वाटणी नीट केली तर मुलं यातून पेंग्विनपेक्षा बरंच जास्त शिकतील. असं का म्हणतोय ते जरा सविस्तर सांगतो.

आधी बल्बची जात ओळखा

आपण 'बल्ब' हा एकच शब्द वापरतो, पण घरात निदान चार वेगवेगळ्या वस्तू त्या नावाने वावरतात. चौघांची विल्हेवाट चार तऱ्हेची आहे. सगळी गडबड इथूनच सुरू होते.

पहिला आपला जुना पिवळा बल्ब. आत टंगस्टनची बारीक तार असते. वीज गेली की ती तापून पांढरीफेक होते आणि उजेड पडतो. तार जळून जाऊ नये म्हणून आत आर्गॉन आणि नायट्रोजनसारखे निरुपद्रवी वायू भरलेले असतात. यात पारा नसतो. विजेचा फार मोठा भाग उष्णतेत वाया जातो, म्हणून हा बल्ब महागात पडतो; पण कचरा म्हणून तो चौघांत सर्वांत साधा आहे. धोका फक्त काचेचा. त्याची काच पातळ असते आणि तिच्यात धातूच्या तारा, टोपी, चिकटवलेला भाग असं सगळं मिसळलेलं असतं, म्हणून ती बाटल्यांच्या काचेबरोबर वितळवायला चालत नाही. भंगारवाला तो घेत नाही, कारण त्याला त्यातून काही मिळत नाही. जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' असं लिहून सुक्या कचऱ्यात द्यायचा. देवघरातला किंवा रात्रभर जळणारा जुना 'झिरोचा बल्ब' याच जातीचा. त्याच्या नावात शून्य असलं तरी तो साधारण १२ ते १५ वॅट वीज खातो, हे मुलांना सांगा. त्यांना फार गंमत वाटते.

दुसरी जात ट्यूबलाइट आणि सीएफएल यांची. दिसायला एक लांब नळी आणि दुसरं वेटोळं, पण आतलं काम एकच. नळीत पाऱ्याची अगदी थोडी वाफ असते. विजेमुळे त्या वाफेतून अतिनील किरण निघतात. ते आपल्याला दिसत नाहीत. नळीच्या आतल्या बाजूला जी पांढरी भुकटी लावलेली असते ती हे किरण शोषून घेते आणि दिसणारा उजेड देते. म्हणजे पारा हा या दिव्याचा गाभाच आहे, तो काढून टाकून हा दिवा पेटतच नाही. दिवा गेला तरी पारा आतच राहतो. नळी फुटली की मात्र तो बाहेर येतो.

तिसरा एलईडी. यात पारा नाही आणि पातळ काचही बहुधा नाही. पण आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे, कपॅसिटर आहेत, डाग देऊन जोडलेले भाग आहेत, उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. म्हणजे तो एक छोटा ई-कचराच. मोबाइलचा चार्जर जिथे जायला हवा तिथे हाही जायला हवा. बाजारात एलईडीच्या लांब पट्ट्याही मिळतात आणि त्या ट्यूबलाइटसारख्याच दिसतात. ओळखायचं कसं? अंगावरचा छापील मजकूर वाचावा. जुन्या ट्यूबची दोन्ही टोकं वापरून वापरून काळी पडलेली असतात आणि तिच्या पट्टीत बहुधा चोक असतो, जुन्या पट्टीत स्टार्टरही. एलईडी पट्टीच्या दुधी आवरणातून उजेडाकडे धरून पाहिलं तर बारीक ठिपक्यांची रांग दिसते.

चौथा प्रकार गेल्या काही वर्षांत घरात शिरला, तो म्हणजे इन्व्हर्टर बल्ब. लाइट गेली तरी दोन-तीन तास चालतो, म्हणून गावाकडे आणि शहरातही लोकांनी तो आवडीने घेतला. होल्डरमधून काढून बोटं लावली की हातातच पेटतो, म्हणून पोरांचाही लाडका. पण त्याच्या पोटात रिचार्ज होणारी लिथियमची बॅटरी असते. असा बल्ब कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला, किंवा उकिरड्यावर आग लागली आणि तो त्यात सापडला, तर बॅटरी पेटू शकते. तो साध्या कचऱ्यात कधीच टाकायचा नाही आणि उघडून बघायचा तर मुळीच नाही.

आता परत त्या वहीतल्या सूचनेकडे या. 'घरातला खराब झालेला एक बल्ब आणावा.' मूल यातला कुठला आणणार? हाताला लागेल तो. चाळीस मुलांच्या वर्गात पाच-सात सीएफएल नक्की येणार आणि ते डब्याच्या, पाण्याच्या बाटलीच्या शेजारी दप्तरात बसून येणार.

पारा किती, आणि धोका कुणाला?

घाबरवून सोडणं हे शिक्षकाचं काम नव्हे, म्हणून आकडे सरळ सांगायला हवेत. एका सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. ताप बघायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये तो साधारण ५०० मिलिग्रॅम असायचा. म्हणजे एका थर्मामीटरमधला पारा शंभर-सव्वाशे सीएफएलना पुरेल. घरात एक सीएफएल फुटला तर कुणी लगेच आजारी पडत नाही. खिडक्या उघडून नीट साफसफाई केली की प्रश्न मिटतो.

मग एवढं कशाला बोलायचं? कारण एका घरातला एक बल्ब आणि एका माणसाच्या हाताखालून जाणारे शेकडो बल्ब यांत फरक आहे. आपण ट्यूब घंटागाडीजवळ उभी करून ठेवतो आणि मोकळे होतो. गाडीवरचा माणूस ती गाडीत मावावी म्हणून मोडतो. कधी भंगारात दोन्ही टोकांच्या ॲल्युमिनियमच्या टोप्या तेवढ्या विकल्या जातात आणि त्या काढायला नळी फोडावीच लागते. हे तोंडाला फडकं न बांधता, उघड्या हातांनी चालतं. पांढरी भुकटी उडते, ती नाकातोंडात जाते. आपल्याकडून वर्षाला एक ट्यूब जाते, त्या माणसाकडे रोज कितीतरी येतात. पाऱ्याची वाफ वासाला येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. वारंवार श्वासातून गेली तर ती मज्जासंस्थेवर आणि मूत्रपिंडांवर परिणाम करते. लहान मुलं आणि पोटातलं बाळ यांना ती जास्त बाधते.

आणि हा माणूस कोणी परका आहे असं समजू नका. नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत असा वर्ग सापडेल, जिथे एखाद्या मुलाची आई सकाळी कचरा वेचायला जाते किंवा वडील भंगाराच्या दुकानात कामाला असतात. आपण एका मुलाकडून पर्यावरणावर निबंध लिहून घेतो आणि दुसऱ्या मुलाच्या आईच्या हातात फुटकी ट्यूब देतो. हे दोन्ही एकाच दिवशी घडतं आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. मला खटकतं ते हेच.

पाऱ्याचा पुढचा प्रवासही समजून घ्यावा. उकिरड्यावर कचरा जाळला की पारा वाफ होऊन हवेत जातो, पावसाबरोबर खाली येतो, नदी-तळ्यात पोहोचतो. तिथे जिवाणू त्याचं मिथाइल पारा या जास्त विषारी रूपात रूपांतर करतात. ते छोट्या माशांत, मग मोठ्या माशांत साठत जातं आणि शेवटी माणसाच्या ताटात येतं. जपानमधल्या मिनामाता गावात एका कारखान्याने पाऱ्याचं सांडपाणी खाडीत सोडलं आणि मासे खाणाऱ्या हजारो लोकांना त्याची बाधा झाली. १९५६ साली हा रोग अधिकृतपणे नोंदवला गेला. आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर तामिळनाडूतलं कोडाईकनाल आहे. तिथे थर्मामीटर बनवण्याचा कारखाना होता. पारा लागलेली फुटकी काच गावातल्या एका भंगारवाल्याकडे विकलेली सापडली, लोकांनी आवाज उठवला आणि २००१ साली कारखाना बंद झाला. कारखान्याची गोष्ट आणि आपल्या घरातल्या ट्यूबची गोष्ट प्रमाणात एक नाही, हे मान्य. पण कोडाईकनालमध्येही विषारी काच नेमकी भंगाराच्या दुकानात जाऊन पोहोचली होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नियम आपल्या बाजूने आहेत

बऱ्याच पालकांना वाटतं, की हे सगळं परदेशात चालतं, आपल्याकडे कुठली सोय! सोय कमी आहे हे खरं. पण नियम आहेत, आणि ते वाचले की आपण काय मागू शकतो हे कळतं.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातला कचरा तीन भागांत वेगळा करायला सांगितलं: ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा. तिसऱ्या भागाची जी यादी त्या नियमांत दिली आहे तिच्यात सीएफएल बल्ब आणि ट्यूबलाइट यांची नावं घालून उल्लेख आहे. त्यांच्याबरोबर रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, मुदत संपलेली औषधं, फुटलेले थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या आणि सुया आहेत. असा कचरा जमा करण्यासाठी स्थानिक संस्थेने केंद्रं उभारावीत, दर २० चौरस किलोमीटरला निदान एक असावं आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असंही त्यात म्हटलं आहे. आपल्यापैकी किती जणांना आपल्या भागातलं केंद्र माहीत आहे? ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे आता लहान मुलंही ओळखतात. तिसऱ्या भागाचं नाव मात्र मोठ्यांच्याही कानावर पडलेलं नसतं.

त्याच वर्षीच्या ई-कचरा नियमांत सीएफएल आणि पारा असलेले इतर दिवे पहिल्यांदा आले. पुढे २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांचा मुख्य मुद्दा असा, की वस्तू बनवणाऱ्या कंपनीने ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्याचं पुनर्चक्रण नोंदणीकृत कारखान्यांकडून करून घ्यायचं. म्हणजे बल्ब विकला की कंपनीची जबाबदारी संपत नाही.

असा कारखाना नेमकं करतो तरी काय? ट्यूबची टोकं कापून वेगळी करतात, आतली भुकटी हवेच्या जोराने काढून घेतात. वेटोळे बंद यंत्रात चुरले जातात, आतली हवा गाळणीतून ओढली जाते, त्यामुळे वाफ बाहेर सुटत नाही. मग भुकटी तापवून पारा वेगळा केला जातो. काच, ॲल्युमिनियम आणि पारा परत वापरात येतात. हे सगळं होण्यासाठी एकच अट आहे. ट्यूब तिथपर्यंत अखंड पोहोचली पाहिजे. फुटून आलेल्या ट्यूबमधला बराचसा पारा वाटेतच उडून गेलेला असतो. म्हणून 'न फोडता देणं' ही या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि ती घरातच ठरते.

आणखी एक कारण आहे, ज्यामुळे हा विषय आत्ताच बोलायला हवा. २००९ च्या बचत लॅम्प योजनेत पिवळे बल्ब बदलून सीएफएल दिले गेले. २०१५ पासून उजाला योजनेत देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार भारताने २०१८ साली मान्य केला. त्या करारातल्या देशांनी घरगुती प्रकारच्या सीएफएलचं उत्पादन २०२५ पर्यंत आणि सर्वसाधारण उजेडासाठीच्या बाकी फ्लुरोसंट ट्यूबांचं २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलं आहे. म्हणजे नव्या ट्यूबा येणं थांबतंय आणि जुन्या घराघरांतून, दुकानांतून, कचेऱ्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडताहेत. पाऱ्याच्या दिव्यांचा हा शेवटचा मोठा लोंढा आहे. तो नीट गेला तर प्रश्न बऱ्याच अंशी संपेल.

फुटलाच तर

एवढं करूनही कधीतरी हातातून पडतोच. मुलांना आणि घरातल्या सगळ्यांना हे माहीत असावं:

* मुलांना आणि मांजर-कुत्र्याला खोलीबाहेर न्या. पंखा, एसी बंद करा. खिडक्या-दारं उघडून निदान दहा मिनिटं कुणीही आत जाऊ नका.
* केरसुणी, झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. त्यांनी भुकटी आणखी पसरते.
* मोठ्या माणसाने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला घालून जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काचा गोळा कराव्यात. बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत. शेवटी ओल्या कागदाने जागा पुसावी.
* हे सगळं, पुठ्ठा आणि कागदासकट, झाकणाच्या बरणीत किंवा घट्ट बांधलेल्या पिशवीत भरून घराबाहेर ठेवावं. हात साबणाने धुवावेत.
* गादीवर, चादरीवर काचा पडल्या असतील तर ती चादर यंत्रात धुवायला टाकू नये. ती टाकून दिलेली बरी.
* त्या खोलीच्या खिडक्या आणखी काही तास उघड्या राहू द्याव्यात.

हे पाचवी-सहावीच्या मुलांना सांगताना एवढंच ठसवायचं: 'फुटला तर हात लावायचा नाही, बाहेर जायचं आणि मोठ्यांना सांगायचं.' त्याच वर्गात आपण टेबलावर सीएफएलचे वेटोळे रंगवायला मांडून ठेवले, तर आपलंच सांगणं आपण खोटं पाडतो.

वर्गात काय करता येईल

आता नोंदीकडे वळू. परिसर अभ्यास आणि सामान्य विज्ञान या विषयांत हे सहज बसतं, वेगळा तास लागत नाही.

पहिलं, घरातल्या दिव्यांची मोजणी. वहीत पाच रकाने आखायचे: खोली, दिव्याचा प्रकार, किती वॅट, कधी लावला, गेल्यावर कुठे टाकतो. मुलाने हात न लावता बघायचं, छापलेलं वाचायचं, कळलं नाही तर आईवडिलांना विचारायचं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. तिथे 'घंटागाडीत', 'घरामागे', 'विहिरीत', 'माळ्यावर पडून आहे' अशी खरी उत्तरं येऊ द्या. कुणालाही रागवू नका. खरी उत्तरं येणं हाच इथला अभ्यास आहे.

दुसरं, गणित. ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर ३० दिवसांत ९ युनिट वीज लागते. ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर १.३५ युनिट. हे उदाहरण आपण नेहमी देतो. आता त्याच्या जोडीला दुसरं द्या. शाळेत ४०० मुलं आहेत आणि समजा प्रत्येकाच्या घरातून वर्षाला एक सीएफएल बाद होतो. एकात ४ मिलिग्रॅम पारा धरला तर वर्षाचा किती? १६०० मिलिग्रॅम, म्हणजे १.६ ग्रॅम. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण नेहमी बचतीसाठी वापरतो. ती विषालाही लागू पडते, हे मुलं या गणितातून शिकतात.

तिसरं, तारीख लिहिण्याची सवय. नवा एलईडी बल्ब लावण्याआधी त्याच्या पांढऱ्या बुडावर मार्करने तारीख लिहायची आणि बिल डब्यात जपून ठेवायचं. बऱ्याच एलईडींना एक-दोन वर्षांची वॉरंटी असते. त्या मुदतीत गेला तर दुकानदार बदलून देतो आणि जुना कंपनीकडे परत जातो. ही परतीची वाट आधीच तयार आहे. आपण बिल हरवतो आणि ती वाट स्वतःच बंद करतो. आणखी एक गोष्ट. एलईडी बल्ब गेला म्हणजे बहुतेक वेळा आतलं वीज पुरवणारं सर्किट गेलेलं असतं, उजेड देणारे ठिपके शाबूत असतात. आता अनेक गावांत असे बल्ब दुरुस्त करून देणारे आहेत. टाकण्याआधी विचारायला काय हरकत आहे? दुरुस्त झालेला बल्ब हा सर्वांत चांगलं पुनर्चक्रण आहे.

चौथं, पत्र. मराठीच्या तासाला औपचारिक पत्र शिकवतोच. विषय द्या: 'आमच्या प्रभागात घरगुती घातक कचरा कुठे व केव्हा स्वीकारला जातो, याची माहिती मिळणेबाबत.' हे पत्र खरोखर पाठवा. उत्तर आलं तर फलकावर लावा. नाही आलं तर महिन्याने स्मरणपत्र लिहायला शिकवा, तेही अभ्यासक्रमात बसतं.

पाचवं, शाळेची अडगळीची खोली. हे शिक्षकांसाठी आहे. अनेक शाळांनी वर्गातल्या ट्यूबा काढून एलईडी लावले. जुन्या ट्यूबा कुठे आहेत? स्वच्छतागृहामागे, जिन्याखाली, मैदानाच्या कोपऱ्यात? मधल्या सुट्टीत मुलं त्या 'फट' असा आवाज येतो म्हणून फोडतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मुलांना चार शब्द सांगण्याआधी शाळेने स्वतःच्या ट्यूबा मोजाव्यात, नव्या पट्ट्यांच्या रिकाम्या खोक्यांत उभ्या ठेवाव्यात, खोलीला कुलूप लावावं आणि मुख्याध्यापकांनी त्या अधिकृत ठिकाणी पाठवाव्यात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्चक्रण कारखान्यांची यादी असते. मात्र प्रत्येक जण दिवे घेतोच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारावं.

काही शंका

'मुलांना हाताने केल्याशिवाय कळत नाही,' असं काही जण म्हणतील. खरंय. मीही कृतियुक्त शिक्षणाच्याच बाजूचा आहे. पण हातात घेण्यासारखं बरंच आहे. बंद पडलेला, बॅटरी नसलेला एलईडी शिक्षकाने वीज नसताना स्वतः उघडून आतले भाग दाखवावेत. रिकाम्या खोक्यांवरचा मजकूर मुलांनी वाचावा. पुठ्ठ्याच्या नळीची ट्यूब करून ती कागदात कशी गुंडाळायची याचा सराव घ्यावा. प्रथमोपचार शिकवायला आपण कुणाचं डोकं फोडत नाही.

'आमच्या गावात असलं केंद्रच नाही, मग काय करायचं?' ही सर्वांत खरी अडचण. तो २०१६ चा नियम मुख्यतः शहरांसाठी लिहिलेला होता. गावात तूर्त करण्यासारखं असं: ट्यूब आणि सीएफएल फोडू नयेत, जाळू नयेत, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नयेत. नव्या दिव्याच्या खोक्यात जुना घालून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा. दहा-वीस घरांचे जमले की तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या कुणीतरी विचारून नेऊन द्यावेत. ग्रामसभेत एका बंद पेटीची मागणी करावी. राज्यात माझी वसुंधरा अभियान सुरू झाल्यापासून ग्रामपंचायती पर्यावरणाच्या कामांची नोंद ठेवतात. हे काम त्यात घालायला सांगता येईल.

'घंटागाडीशिवाय आमच्याकडे पर्यायच नाही.' मग निदान त्या माणसाला कळू द्या, की आत काय आहे. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. पुडी न उघडता तिला कळावं, एवढाच साधा विचार त्यामागे होता. तसंच इथे करता येईल. ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल पेनाने मोठ्या अक्षरात 'ट्यूब, फोडू नका' लिहा, कचऱ्यात न मिसळता हातात द्या आणि तोंडानेही सांगा. ही पुडी तयार करणं हे आईबाबांचं काम आणि त्यावरची अक्षरं लिहिणं हे मुलाचं. तेवढं सुंदर हस्ताक्षर प्रदर्शनातल्या पेंग्विनपेक्षा जास्त कामाचं आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. या वर्षीच्या प्रकल्पांच्या यादीतून 'खराब बल्ब आणणे' ही ओळ काढून टाका आणि तिथे 'घरातल्या दिव्यांची नोंद आणणे' असं लिहा. आणि पालकहो, तुमचं मूल वही घेऊन खोल्याखोल्यांतून वर बघत फिरायला लागलं आणि 'बाबा, ही ट्यूब गेली की आपण कुठे टाकतो?' असं विचारायला लागलं, तर त्याला 'टाकतो कुठेतरी' असं सांगून परत पाठवू नका. खरं काय ते त्याच्या वहीत लिहू द्या. मग दोघं मिळून ते उत्तर बदला.